हनीफभाई आणि काढलेला डोळा

हनीफभाईंचा शेवटचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबणाचा फेस, दुसऱ्या कानाला फोन... अशा वेळी माणूस जेवढं बोलतो तेवढंच मी बोललो. त्यांचा आवाज जरा बसलेला वाटला, पण धुळ्याच्या थंडीत कोणाचा बसत नाही? "सर, अक्कानी एक वस्तू मनाजोडे शे," ते म्हणाले. "मी सोता लई येसू." अक्काची एक वस्तू त्यांच्याकडे होती, ती ते स्वतः घेऊन येणार होते. अक्का म्हणजे माझी आई, वय वर्षं चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे जळगावला आले होते तेव्हा तिने त्यांच्यासोबत डबा दिला होता, तोच परत आणणार असतील असं मी धरून चाललो. या या, भरिताची वांगी आलीत, असं काहीतरी म्हणालो आणि उरलेली दाढी आटोपली. कसली वस्तू, हे मी विचारलं नाही.

बारा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या मुलीचा, शबनमचा फोन आला. ती धुळ्यातच एका शाळेत गणित शिकवते, मोजकं बोलते. "सर, अब्बा गेले," एवढंच म्हणाली आणि मग थोडं थांबून, दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर नेणार आहेत, असं सांगितलं. मी मिळेल त्या एसटीत बसलो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं उभी राहिली आणि त्या वीस मिनिटांत मी ड्रायव्हरवर, कंडक्टरवर आणि मुख्य म्हणजे स्वतःवर जितका चिडता येईल तितका चिडलो. मी पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. टेबलावर एक रेडिओ पोट उघडं टाकून पडला होता, बाजूला चष्मा. घरी आल्यावर अक्काला सांगितलं. ती म्हणाली, रेडिओ काही दिवस बंद ठेव. त्यानंतर चाळीस दिवस तो बंदच होता.

हा रेडिओ नसता तर हनीफभाई आणि मी एकमेकांना कधी भेटलोच नसतो. धरणगावचं घर मोडून अक्काला कायमची जळगावला आणली, त्या वेळी माळ्यावरून तो खाली उतरला. लाकडी, दोन हातांत जेमतेम मावेल एवढा, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ. पुढची काच नाही, कंपनीच्या नावाची पट्टी नाही, मागचं झाकण नाही, आणि आत कुंभारमाशीने मातीची तीन घरं बांधलेली. माझे आजोबा, ज्यांना सगळं धरणगाव नाना म्हणे, ते कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. हा त्यांचा रेडिओ. मला त्याचा आवाज आठवत नाही. मी शाळेत जायला लागेपर्यंत घरात ट्रान्झिस्टर आला होता आणि हा माळ्यावर गेला होता.

मी एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. व्हॉल्व्ह कसा चालतो हे फळ्यावर इतक्यांदा काढून दाखवलं आहे की झोपेतसुद्धा आकृती चुकणार नाही. त्या घमेंडीत मी पहिल्याच दिवशी रेडिओ पुसला, वायरीला नवा प्लग लावला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. आधी एक घुमल्यासारखा आवाज आला, मग फट्कन काहीतरी फुटलं आणि खोलीभर जळक्या मेणाचा वास पसरला. अक्का आतून म्हणाली, "काय जायं रे, नंदू?" म्हणजे काय जाळलंस. फिजिक्सच्या प्राध्यापकाने उठून खिडक्या उघडल्या.

मग मी माझ्या प्रांतात शिरलो. रेडिओ कोणता, कोणत्या साली बनलेला, हे ओळखायचं ठरवलं. नावाची पट्टी गेली होती पण तिच्या दोन खिळ्यांची भोकं शिल्लक होती, त्यांच्यातलं अंतर मी व्हर्नियरने मोजलं. व्हॉल्व्हवरचे आकडे पुसट झाले होते, ते भिंगाखाली धरून, फुंकर मारून, जमतील तेवढे वाचले. जुन्या कॅटलॉगांची छायाचित्रं इंटरनेटवर पाहिली. बंगलोरच्या, कोलकात्याच्या हौशी लोकांना पत्रं लिहिली. दोन महिन्यांनी एक फोटो असा सापडला की मी खुर्चीतून उठलोच. तंतोतंत आमचा रेडिओ. फरक एकच होता. फोटोतल्या रेडिओला दर्शनी भागात वर मधोमध एक गोल काचेचा हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्याची पापणी मिटत येते आणि सूर जरा हलला की उघडते. आमच्या रेडिओला त्याच जागी लाकडाची एक गोल चकती होती. मी लगेच निदान केलं की डोळा फुटला असणार, आणि कुठल्यातरी अडाणी मेकॅनिकला दुसरा मिळाला नाही म्हणून त्याने बूच मारून टाकलं असणार. मी तसा डोळा बाहेरून मागवला. तो कापसात गुंडाळून आला, तेव्हा मी मोहीम फत्ते झाल्यासारखा घरभर हिंडलो होतो.

आता राहिला दुरुस्त करणारा. जळगावात ज्याला विचारावं तो म्हणे, सर, शोपीस करा, आत दिवा लावा. शेवटी नरडाण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हनीफभाईंचं नाव सांगितलं. त्यांचं दुकान बंद होऊन वर्षं झाली होती, पण घरातल्या पुढच्या खोलीत ते अजून बसत. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, अंगात स्वेटर आणि स्वेटरच्या खिशात कायम एक टेस्टर. मी रेडिओ टेबलावर ठेवला आणि माझं संशोधन ऐकवायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग रेडिओच्या मागच्या बाजूने नाक आत घालून दोन वेळा वास घेतला आणि विचारलं, "सरळ प्लग लावता का?" मी लावला होता हे मी सांगितलं नव्हतं. "पयला दिन," मी कबूल केलं... म्हणजे मी मराठीत कबूल केलं, पण त्यांच्यापुढे बसलं की माणूस आपोआप अर्धं त्यांच्या बोलीत बोलायला लागायचा.

त्यांची पद्धत अगदी वेगळी. त्यांच्याकडे एक लाकडी पाट होता, त्यावर साधा शंभर वॉटचा पिवळा दिवा. रेडिओला वीज द्यायची ती त्या दिव्यातून, म्हणजे अर्धपोटी. दिवा लख्ख पेटला तर आत कुठेतरी गडबड आहे, मंद राहिला तर ठीक. असं दोन दोन दिवस ठेवायचं. बरेच दिवस उपाशी असलेल्याला आपण एकदम पोळी वाढतो का, आधी पेज देतो ना, असं ते म्हणत. याचं शास्त्रीय कारण मला नीट माहीत होतं, वर्गात मी ते शिकवलंही होतं, फक्त घरी वापरायचं सुचलं नव्हतं. स्पीकरचा कागद फाटला होता, तो त्यांनी संक्रांतीच्या पतंगाचा कागद आणि खळ लावून सांधला. जुने वितळलेले कंडेन्सर काढले, त्यांच्या नळकांड्या आतून कोरून रिकाम्या केल्या आणि नवे कंडेन्सर त्या जुन्या नळकांड्यांत बसवले. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललंय हे कळू नये. मी म्हटलं, आत कोण बघतंय, हनीफभाई? ते म्हणाले, पुढचा मेकॅनिक बघेल.

आणि जे जे काढलं, ते सगळं वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून परत. जळलेली वायर, फुटका कंडेन्सर, गंजलेला स्क्रू, कुंभारमाशीच्या घराची मातीसुद्धा त्यांनी विचारलं की हवी का. मी चेष्टा करायचो, की पुडी घरी नेऊन मी काय तुळशीत टाकू? त्यांना त्यात विनोद दिसायचा नाही. गिऱ्हाइकाच्या रेडिओतून निघालेली चीज गिऱ्हाइकाची, ती आपल्याकडे राहिली तर अमानत. अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला आलेली वस्तू. तिच्यापायी झोप लागत नाही, असं ते म्हणत. माझ्या टेबलाच्या खणात अशा पाच पुड्या अजून आहेत.

रेडिओ पहिल्यांदा बोलला तो दिवस मी विसरणार नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओला बटण दाबलं की आवाज येत नाही. आधी आतल्या तारा तापतात, नळ्यांत नारिंगी उजेड येतो, अर्धा मिनिट काहीच होत नाही. त्या अर्ध्या मिनिटात हनीफभाई उजव्या हाताचं बोट वर करायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि हळू म्हणायचे, "येई राहिना..." येतोय. जणू कोणी पाहुणा गल्लीच्या तोंडाशी आलाय आणि यांना त्याची पावलं ऐकू येतायत. त्या दिवशीही तसंच झालं. बोट वर, "येई राहिना", मग खरखर, मग खरखरीतून एक माणूस. पन्नासेक वर्षं गप्प असलेला आमचा रेडिओ जे पहिलं वाक्य बोलला ते केळीवरच्या करपा रोगाबद्दल होतं. पिवळी पानं वेळीच कापून बागेबाहेर न्यावीत. आम्ही दोघांनी ते भाषण फवारणीसकट शेवटपर्यंत ऐकलं. नंतर चहा पिताना पाहिलं तर हनीफभाईंचे डोळे ओले होते, आणि माझेही. करप्यासाठी कोणी रडलं असेल तर फैजपूरचे बागाईतदार, आणि त्यानंतर आम्ही.

आता फक्त डोळा राहिला. मी मोठ्या अभिमानाने बाहेरून आलेला डोळा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, चांगला आहे म्हणाले आणि परत कापसात ठेवला. मग मला जवळ बोलावून रेडिओच्या आत बॅटरीचा उजेड पाडला. चकतीच्या मागे वायरींचा एक जुडगा होता. एकेक वायरीचं टोक वेगळं, प्रत्येकावर लाल दोरा घट्ट आणि सारखा गुंडाळलेला, वर लाखेचा थेंब, आणि मग सगळ्या मिळून बाजूला नीट बांधलेल्या. चकतीवरून बोट फिरवायला लावलं. शिसवी लाकूड, आणि त्याच्या रेषा भोवतीच्या लाकडाच्या रेषांना जुळवून बसवलेल्या. इतक्या दिवसांत मला ते दिसलं नव्हतं.

"हाऊ डोया फुटेल नही, सर," ते म्हणाले. "काढेल शे. कोनीतरी इचार करीसन काढेल शे."

बरं, मग आता आपण विचार करून बसवू, असं मी म्हणालो. ते नाही म्हणाले. सरळ नाही. मी म्हटलं, रेडिओ माझा, डोळा माझा, कंपनीने जसा बनवला तसा मला हवाय. कंपनी कोणती ते मी ओळखलंय, साल ओळखलंय, मॉडेल ओळखलंय. त्यावर त्यांनी टेस्टर खिशात घातला आणि म्हणाले, "पुस्तकमा कंपनीनं नाव सापडी. हाऊ रेडिओ कोना शे, ते घरमा इचारा."

मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. एक तर कोणी नाही म्हटलेलं मला चालत नाही, हा माझा जुना दोष आहे. दुसरं, हा माणूस माझ्याच वस्तूबद्दल मला परवानगी आणायला सांगत होता. मी रेडिओ तिथेच ठेवून निघून आलो आणि दोन महिने फोन केला नाही. शेवटी त्यांचाच आला. विचारलंत का घरात? मी म्हणालो, विचारलं, कोणाला काही माहीत नाही. ही थाप होती. मी कोणालाही काही विचारलं नव्हतं. मी बंगलोरला पत्र लिहिलं होतं, कोलकात्याला लिहिलं होतं, आणि पलीकडच्या खोलीत शेंगा सोलत बसलेल्या अक्काला एक शब्द विचारला नव्हता. का, याचं उत्तर आज मला देता येतं, पण ते चांगलं नाही. रेडिओ ही मशिनरी, तिच्याबद्दल अक्काला काय माहीत असणार, असं मला वाटत होतं.

हनीफभाई म्हणाले, ठीक आहे, मग मीच रेडिओ घेऊन येतो. घरी लावून दिल्याशिवाय काम पुरं होत नाही. आणि एका रविवारी ते भाड्याच्या रिक्षातून रेडिओ मांडीवर घेऊन धुळ्याहून जळगावला आले. अख्खा रस्ता मांडीवर. पाय बधिर झाले होते, पाच मिनिटं उठता येईना. रेडिओ बैठकीत कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला, सुरू केला. बोट वर केलं. अक्का दाराशी येऊन उभी राहिली होती, चौकटीला हात धरून. आवाज आला तशी ती पुढे येऊन खुर्चीवर बसली. आणि मी काही बोलायच्या आत हनीफभाईंनी तिला विचारलं, की अक्का, याला वर डोळा होता ना? तो कुठे गेला?

माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. अक्का माझ्याकडे पाहत म्हणाली, "याले बठ्ठं माहीत शे. यानी कधी इचारंच नही." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि टोमणा मला होता. मग ती बोलायला लागली. ती लग्न होऊन धरणगावला आली तेव्हा सतरा वर्षांची होती. माहेरच्या खेड्यात वीज नव्हती. सासरी बैठकीत हा रेडिओ, आणि त्याला तो हिरवा डोळा. आत पुरुषाचा आवाज बोलतो आणि बोलताना डोळा बारीक होतो, मोठा होतो. कोणी म्हातारा सासरा रोखून बघतो तसा. "माले वाटे, तो मालेच देखी राहिना." मग ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि बैठकीतून आत पळायची. घरातल्या बायका हसायच्या. तिला गाणी ऐकायची असायची, बायकांचा कार्यक्रम लागायचा तो ऐकायचा असायचा. म्हणून ती दाराआड उभी राहून ऐकायची, चौकटीला हात धरून. जसा तिने आता धरला होता.

नाना कडक. त्या काळात सासरा सुनेशी बोलत नसे, नाना तर मुलांशीही बोलत नसत. खाकरले की घर गप्प. पण एका दुपारी त्यांनी बाजाराला आलेला धुळ्याचा रेडिओवाला घरी आणला. अक्का दाराआड. तिला फक्त त्या माणसाचे हात दिसत होते. तो म्हणत होता, नाना, इतका चांगला डोळा आहे, चालू आहे, का काढता? आणि तिने नानांना सांगताना ऐकलं...

"घरमा पोर शे. ती बिहस."

बिहस म्हणजे भिते. रेडिओ हळू आवाजात चालू होता, तो कोणी बंद केला नाही. मग अक्का म्हणाली, "सून नही म्हनेत. पोर म्हनेत." साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो एक शब्द तिने कोणालाही न सांगता जपून ठेवला होता, आणि मी चाळीस वर्षांचा असताना, पन्नास वर्षांचा असताना, तिच्या शेजारी बसून जेवत होतो. बायकांना नानांनी सांगितलं की डोया जयी गया, जळून गेला. त्यानंतर रोज दुपारी जिनिंगला परत जाताना ते रेडिओ बंद करायला विसरायचे. रोज. अक्काला बटणाला हात लावायचं धैर्य नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. ती बैठकीत एकटी बसून, डोक्यावरून पदर खाली घेऊन, ते चार वाजेपर्यंत ऐकायची.

हनीफभाईंनी विचारलं, त्या रेडिओवाल्याचं काही आठवतं का. हातच पाहिले होते, असं अक्का म्हणाली. लाल दोरा होता त्याच्याकडे. गुंडाळून झाला की कात्री न घेता दाताने तोडायचा, आणि तोडला की दोऱ्याचं टोक कपाळाला लावायचा. हनीफभाई म्हणाले, "त्या मना अब्बा."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बॅटरीच्या उजेडात तो दोरा पाहिला तेव्हाच त्यांनी बापाचा हात ओळखला होता. अब्बांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती, त्यांनी दुरुस्त केलेला एकही रेडिओ आता धुळ्यात राहिलेला नव्हता, सगळे भंगारात गेले होते. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? मी लगेच ऐकलं असतं. ते म्हणाले, हो, तुम्ही माझं ऐकलं असतं, अक्कांना विचारलं नसतं. आणि मलाही हवं होतं की... अब्बांनी चालू डोळा उगाच काढला नसता, का काढला ते मलाही माहीत नव्हतं. एवढं बोलून ते अक्काने वाढलेल्या भरिताकडे वळले. माझ्या थापेचा त्यांनी तेव्हा किंवा नंतर कधीही उल्लेख केला नाही. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरची दोन वर्षं हा रेडिओ आमच्याकडे दुपारी लागायचा. लावायची अक्काच. महिन्यातून एकदा हनीफभाईंचा फोन यायचा, त्यात माझ्याशी दोन वाक्यं आणि मग "अक्कास्ले द्या". दोघं त्यांच्या बोलीत काय काय बोलायचे, मला त्यातला फक्त हसण्याचा भाग ऐकू यायचा. मध्यम लहरींवर आता ऐकण्यासारखं फार उरलेलं नाही, पण अक्काला काहीही चालतं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुवेसाठी मी धुळ्याला गेलो. या वेळी एसटीवर न विसंबता सकाळीच निघालो. सगळं आटोपल्यावर शबनमने मला त्या पुढच्या खोलीत नेलं. टेबलाखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्या आजोबांची. तिच्यात पुड्याच पुड्या. गिऱ्हाइकांनी कधी परत न नेलेल्या वस्तूंच्या. जळगावहून आल्यापासून अब्बा दुपारी त्यातल्या पुड्या सोडायचे, वाचायचे आणि परत बांधायचे, असं ती म्हणाली. एका डोळ्यात मोतीबिंदू, आठवड्याला तीन-चार पुड्या व्हायच्या. दोन हिवाळे हेच चाललं होतं. जाण्याच्या पंधरा दिवस आधी हवी ती पुडी सापडली, त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. तिने ती माझ्या हातात ठेवली. पिवळा पडलेला कागद, लाल दोरा, आणि कागदावर उर्दूत चार ओळी. मला उर्दू येत नाही. या वेळी मात्र मी विचारलं, की बेटा, काय लिहिलंय?

तिने वाचून दाखवलं. धरणगाव. जिनिंगवाल्या नानांच्या रेडिओचा डोळा. अमानत. पोरीची भीती गेली की परत द्यायचा.

परतीच्या रस्त्यावर मी ती पुडी मांडीवर धरून बसलो होतो. फोनवर मी फक्त दोन शब्द जास्त बोललो असतो, कसली वस्तू असं म्हटलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. मग मीच दुसऱ्या दिवशी गेलो असतो. ते भेटले असते. पुडी अक्काच्या हातात त्यांनी स्वतः ठेवली असती... हे आता कितीही उगाळलं तरी उपयोग नाही, पण इथे लिहून ठेवतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या पलीकडच्या खोलीत कोणी शेंगा सोलत बसलं असेल, तर त्यांनी जाऊन काहीतरी विचारावं.

घरी आलो, अक्काला चिठ्ठी सांगितली. तिने दोन वेळा सांगायला लावली. मग दोरा तिने स्वतः सोडला, कापला नाही. आतून माझ्या अंगठ्याहून जरा मोठी काचेची नळी निघाली, टोकाला तो डोळा, आता करडा दिसणारा, कोणाकडेच न बघणारा. अक्काने ती तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि एकदम हसायला लागली. "इतलासाच व्हता?" ती म्हणाली. "इतलासाले मी बिहाऊ?" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पदराने पुसलं.

मी विचारलं, अक्का, बसवायचा का परत? नानांनी तसंच सांगून ठेवलंय. तिने रेडिओच्या त्या लाकडी चकतीवरून बोट फिरवलं. "बसाडनार कोन आते?" ती म्हणाली. मला वायरी जोडता येतात, पण त्यासाठी तो लाल दोरा कापावा लागेल आणि ते माझ्याने होणार नाही. तिने डोळा रेडिओच्या वर, चकतीच्या बरोब्बर डोक्यावर, आपल्याकडे तोंड करून ठेवला. "आधी तो माले देखे," ती म्हणाली. "आते मी त्याले देखसू."

मग मला म्हणाली, लाव. चाळीस दिवसांनी मी बटण फिरवलं. खट्कन आवाज झाला, आतल्या नळ्यांत हळूहळू नारिंगी उजेड यायला लागला आणि नेहमीसारखा तो अर्धा मिनिट, ज्यात काहीच होत नाही. मी वळून पाहिलं. अक्का मान जराशी तिरकी करून बसली होती, डोक्यावर पदर नव्हता, आणि तिने उजव्या हाताचं बोट वर केलं होतं.

"येई राहिना," ती म्हणाली.